अकरा नंबरची पेंढी

१६ जाने. ७५, गुरु.
मुळे सरांनी बोलावलं. विभागप्रमुख स्वतःहून बोलावतात तेव्हा काहीतरी गळ्यात पडणारच. मुंबईहून विचारणा आली आहे. रब्बी ज्वारीच्या योजनेवर सरकारनं इतकी वर्षं पैसा घातला, त्यातून जनतेला काय मिळालं ते आकड्यांत कळवा. काही दाखवता आलं नाही तर मार्चनंतर योजना बंद. "तू कृषी अर्थशास्त्राचा एम. एस्सी., तूच कर." दळण आणायला सांगावं तसं सांगितलं.
योजना बंद म्हणजे ज्वारीचे पैदासकार बोरकर सर, त्यांनी उभ्या जन्मात केलेली ज्वारी बंद. आणि सरकारी मळ्यावरची रोजंदारी बंद, म्हणजे मायचीही. मायला अजून बोललो नाही.

१८ जाने.
बोरकर सरांच्या खोलीत. कणसांच्या जुड्या, धूळ, मोडकी खुर्ची. त्यांचा सगळ्यात चांगला वाण अकरा नंबर. नाव नाही, नुसता नंबर, कारण समितीची मंजुरी नाही. दरवर्षी शेरा, आणखी एक वर्ष बघा. मंजुरी नाही म्हणून बियाणं वाटलं नाही. वाटलं नाही म्हणून फायदा शून्य. झाला की माझा हिशोब, दोन ओळींत! सर खिडकीतून मळ्याकडं बघत बसले. लय वाईट वाटलं.
मुळे सर : "शून्य तर शून्य. पण चार गावं फिरून ये, रिपोर्टला वजन येतं."

२४ जाने., पेडगाव
बापूराव नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाय थबकले. ताटाच्या बुडाशी तांबूस झाक, कणीस घट्ट, दाणा टपोरा. अकरा नंबर! शेजारच्या वावरात तीच. ओढ्यापलीकडं तीच. डोळे चोळले.
"बी कुठलं, बापूराव?"
"घरचंच हाय सायेब."
"घरी कुठून आलं?"
"सुनंनं आणलं माहेराहून. मळ्याची ज्वारी म्हनत्यात. आता दुसरी पेरीतच न्हाई आमी. भाकर गोड, अन् कडबा गुरं सोडत न्हाईत."
मग आडनाव विचारलं. सांगितलं. चहा आला, माझा कप वेगळा होता. प्यालो. आज त्याचाही राग नीट आला नाही, डोकं ज्वारीतच अडकलेलं. एक कणीस मागून घेतलं.

२९ जाने.
पाथरीकडची गावं. तिथंही मळ्याची ज्वारी. मुक्काम अक्काच्या सासरी. तिच्या तुकड्यातही तीच डोलायली. म्हटलं, अक्का, हे बी तुला कुणी दिलं?
"आता गं बया! मायनं दिलं की. तुला म्हाईत न्हाई?"
एस.टी.त परतताना खिडकीकडची जागा मिळूनही बाहेर काही दिसलं नाही. सगळ्या हिशोबाची सुरुवात माझ्याच घरात.

३० जाने.
सकाळी माय चुलीपाशी. सरळ विचारलं. ती काही ओशाळली नाही.
"जलम गेला माजा ज्वारी काढण्यात. काढणी केली की सांजंला एक पेंढी डोक्यावर घेऊन यायची, ही रीत हाय. पाटील कितीबी कंजूष असू दे, पेंढी देतो. सरकारी मळ्यात नुसता अंगठा लावून घेत्यात. मग आमी बाया एकेक कणीस ओटीत घालायलो. दुष्काळाच्या साली मळ्यात तेवढीच उभी व्हती, तवा कळलं, ही ठेवायची. मी अक्काला दिली. रखमानं तिच्या लेकीला दिली."
"माय, याला चोरी म्हणतात."
"कोन म्हनतंय? तू? अन् सुट्टीला आला की भाकरी कुणाच्या खायचा रं?"


३ फेब्रु.
मुळे सरांनी हिशोबाची पद्धत समजावली. संशोधन झालंच नसतं तर काय झालं असतं, ते आधी वजा करायचं. उरतं ते खरं फळ. बरोबर आहे. पण दिवसभर दुसरंच वजा करत बसलो. वसतिगृह नसतं, स्कॉलरशिप नसती, तर मी आत्ता कारखान्याच्या फडात ऊस तोडायलो असतो. मग माझ्यावर घातलेल्या पैशाचं फळ काय? शून्य लिहिणारा एक कारकून?
गोड भाकरीला रकाना नाही. विचारलं तर सर हसले. "कडब्याला आहे, तो धर."

८ फेब्रु.
पेडगावचं कणीस बोरकर सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उचललं, दाणे चोळले, चार तोंडात टाकले.
"कुठं मिळालं?"
"पेडगावला. पाथरीकडंही आहे. गावंच्या गावं."
डोळे भरले त्यांचे. रुमाल सापडेना. बी बाहेर कसं गेलं हे विचारलंच नाही त्यांनी. काढणीला बांधावर उभे तेच असत, त्यांना काय दिसलं नसेल? नुसतं म्हणाले, "लोकांनी मंजूर केली म्हणायची." आनंद झाला मला, खोटं कशाला लिहू.

१३ फेब्रु.
मुळे सरांनी कच्चा रिपोर्ट वाचला. क्षेत्र बघून खूश. मग बोट एका रकान्यावर. बियाणं कुठून मिळालं?
"हे मोकळं ठेवता येणार नाही. मंजूर नसलेलं बी मळ्याबाहेर गेलं कसं, हे मुंबई पहिलं विचारील. चौकशी लागेल. बायकांना काढतील, बोरकरांनाही सोडणार नाहीत. 'स्थानिक' लिही, मिटलं."
स्थानिक लिहिलं की ही ज्वारी योजनेची नाही. पुन्हा शून्य. योजना गेली तरी मायची रोजंदारी जाते. खरं लिहिलं तरी जाते. बेजार झालोय.

१७ फेब्रु.
मायला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "खरं हाय ते लिही. पन चोरी लिहू नको. पेंढी लिही."
लिहिलं. 'सदर बियाणे काढणीच्या मजुरांना रीतीप्रमाणे पेंढीच्या रूपाने मिळाले व नातेसंबंधांतून पसरले.' रीतीप्रमाणे मिळाले म्हणजे नेमकं कुणी दिले? कुणीच नाही. त्यांनी घेतले. तरी ते वाक्य मला खोटं वाटत नाही.
मुळे सरांनी ते दोनदा वाचलं. "मुंबईला पेंढी काय कळणार?" म्हणाले. पण सही केली. माणूस मी समजत होतो तेवढा घाबरट नाही. आज रात्रीच्या गाडीनं स्वतःच मुंबईला घेऊन चाललेत.
भीती वाटायली.

२० फेब्रु., गुरु.
मुंबईहून काही नाही. इतक्यात येणारही नाही.
मळ्यात आजपासून अकरा नंबरची काढणी. संध्याकाळी मायला आणायला फाटकावर गेलो. बायका एकेक करून बाहेर येत होत्या, पहारेकरी प्रत्येकीची ओटी बघत होता. मग माय आली. डोक्यावर पेंढी. झाकून नाही, लपवून नाही. चांगली मोठी, कणसं पुढं झुलायली.
पहारेकरी आडवा झाला. "ये म्हातारे, हे काय?"
"पेंढी. माज्या लेकानं सरकारला लिहून दिलंय. इचार त्याला, त्यो काय उभा."
तो माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. मागच्या बायका थांबल्या. मग म्हणालो, "हो. लिहिलंय."
त्यानं मायचं नाव लिहून घेतलं. खाली माझंही. आणि बाजूला झाला.
आम्ही घराकडं निघालो. पेंढी मी घेतो म्हटलं तर दिली नाही.
मागं वळून बघितलं, तर बायका फाटकातून परत मळ्यात शिरत होत्या. पेंढ्या बांधायला.