निळी व्हॅन आणि माझं नाक

४ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय घ्यायचाय, आणि मोठे निर्णय तोंडाने बोलले की घरातली माणसं त्यात बोटं घालतात.

कॅम्पर व्हॅन घ्यायची. मी रिटायर झालोच आहे, ही पुढच्या महिन्यात लांब सुट्टी टाकणार. गाडीतच राहायचं, गाडीतच झोपायचं, मनाला येईल तिथे थांबायचं. गाडी निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे. उभी हयात बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काढली. इन्सुलेशन आणि व्हेंटिलेशन मला कुणी शिकवू नये. शिवाय नाक. पोत्यातला एक बटाटा नासला तरी मला दारातूनच कळायचं. सगळे मानायचे.

हिची अट एकच. पलंगाला लागून खिडकी हवी, पडल्यापडल्या बाहेर दिसलं पाहिजे. हिची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढण्यात गेली. तिथे खिडकी नाही. बाहेर पाऊस पडून गेला हे हिला पेशंटच्या ओल्या बुटांवरून कळतं. बघू म्हणालो. खिडकी म्हणजे शेवटी भिंतीला पाडलेलं भोक. पण आत्ताच वाद नको.

६ ऑक्टोबर

इन्सुलेशनच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणे मेंढीची लोकर सगळ्यात उत्तम, ओल शोषते पण वास मारत नाही. तोंडात साखर. अशांची मला शिसारी येते.

आमच्याकडे नवीन माल आला की त्यातला एक नग ओला करून कोटाच्या आतल्या खिशात वागवायची पद्धत होती. अंगाच्या उबेत मालाची लबाडी बाहेर पडते. लोकरीचा मूठभर नमुना भिजवला, पिळला, खिशात टाकला. रोज सकाळी थोडं पाणी शिंपडायचं. कोट तोच, कोल्ड स्टोरेजचा, जाड. हिने धुवायला मागितला. प्रयोग चालू असताना कोट धुवत नाहीत.

१० ऑक्टोबर, दुपार

पहिली व्हॅन. शी. खिडकीच्या रबरावर काळी बुरशी, बोट फिरवलं तर बोटाला आली. छताच्या झडपेत मेलेल्या माश्यांचा थर. गादीवर कुणाचे तरी केस. मालकाला विचारलं, छतावरचा पंखा हवा आत ओढतो की बाहेर टाकतो. म्हणे, फिरतो. अशा माणसांच्या हातात लोक गाड्या देतात.

एक आंबूस वासही होता. मी सगळ्यात आधी ओळखला.

१४ ऑक्टोबर

दुसरी व्हॅन. आधी कुरिअरची होती. बाजूंना एकही खिडकी नाही, भिंतींना जाड फोम, दार लावलं की चिडीचूप. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ही म्हणाली, मी बटाटा नाही. मी म्हटलं, बटाट्याला जे मानवतं ते माणसाला न मानवायचं कारण काय. ही बाहेर जाऊन उभी राहिली.

चाचणी म्हणून आत दार लावून एकटाच बसलो. थोड्या वेळाने पत्र्यावरून थेंब गळायला लागले, माझ्याच श्वासाचे. एक मानेत पडला. आणि तोच आंबूस वास, डोकं उठेल इतका. व्हेंटिलेशन शून्य. नापास.

दोन गाड्या, दोन वेगळे मालक, वास एकच. माणूस ही जातच घाण आहे.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ

डीलरकडे निळी व्हॅन पाहिली. खरं लिहायचं तर चूक काढायला जागा नव्हती. दुहेरी काचा, त्यांना जाळी, पंखा दोन्हीकडे फिरणारा, पत्रा आणि आतलं लाकूड यांच्यामध्ये कुठे फट नाही. पलंगाला लागून लांब खिडकी. ही आधी आत शिरली, चपला काढून आडवी झाली. बाहेर पार्किंगमधलं एक झाड तेवढं दिसत होतं. तेच बघत पडून राहिली. मी हाक मारली तरी उठेना.

मग मी आत गेलो. वास.

इथेही. डीलर तर आदराने मागे सरकत सरकत पार दारापर्यंत गेला. हिला विचारलं, तुला येतोय का. म्हणाली, आत्ता येतोय, तुम्ही आत आल्यावर. मी लगेच निदान केलं. दाराशी हालचाल झाली की कोंडलेला वास ढवळला जातो. म्हणजे हवेचा प्रवाहच उलटा. दिसायला गोंडस, आतून नासलेली. नापास केली.

परत येताना ही एवढंच म्हणाली की आयुष्यभर नाकाने कांदे सोललेत तुम्ही. कौतुक नव्हतं ते, कळतं मला.

२१ ऑक्टोबर

साडू आला होता. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हवेचं काडीचं ज्ञान नाही. माझ्याशेजारी बसला, मग उठून खुर्ची खिडकीशी नेली, मग खिडकी उघडली. दुसऱ्याच्या घरात. मी निळ्या व्हॅनचे दोष समजावून सांगितले. गाडी कुठल्या डीलरकडे आहे, एवढंच त्याने नीट ऐकून घेतलं.

रात्री बेडरूमच्या खिडक्यांना आतून थर्माकोल लावून टाकलाय. बिनखिडकीच्या खोलीत झोप किती छान लागते हे हिला पटवायला. ही उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. प्रयोगाला दोन माणसं लागतात, हे हिला कोण सांगणार.

२५ ऑक्टोबर

हिची सुट्टी मंजूर झाली. पहिल्या तारखेपासून. मला विचारलं, निळीचं काय. मी म्हटलं, घाई नको, अजून बऱ्याच गाड्या बघायच्यात. म्हणाली, गाड्या पुष्कळ आहेत, सुट्टी एकच आहे. मग डबा भरून कामाला गेली, तळघरात.

दुपारी मेहुणीचा फोन. साडूने निळी व्हॅन घेतली. आमच्या नाकावर टिच्चून. पहिल्या रात्रीच वासाने पळत सुटेल. परत विकायला काढली की पडेल भावात मी घेईन आणि हिला खिडकी देईन. हा बेत कुणाला सांगायचा नाही.

२९ ऑक्टोबर, दुपार

साडूकडे गेलो, त्याची फजिती बघायला. ऊन होतं म्हणून कोट घरी खुंटीवर. व्हॅनमध्ये शिरलो. वास नाही. गादी हुंगली, पडदे हुंगले, गुडघ्यांवर बसून सिंकच्या खाली डोकं घातलं. वास नाही. साडू दाराशी उभा राहून बघत होता. मेहुणीने विचारलं, भावोजींचं काही हरवलंय का.

नाही म्हणालो.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ

घराचं दार उघडलं आणि वास. सरळ नाकाच्या मागे गेलो. खुंटी. कोट. आतला खिसा.

लोकरीची आता लोकर राहिली नव्हती. हिरवट, बुळबुळीत, अस्तराला चिकटलेली. बोटांनी खरवडून काढावी लागली. पहिला विचार आला की दुकानदार खोटारडा निघाला, म्हणजे मी बरोबर होतो. दुसरा विचार बराच वेळ येऊ दिला नाही.

कोट स्वतःच्या हाताने धुतला. तीनदा.

१ नोव्हेंबर, सकाळ

ही गेली. बहीण, साडू आणि ही. पलंगावर दोघी बहिणी झोपणार, साडू पुढच्या सीटवर. मी हिला म्हणालो की वास गाडीचा नव्हता. म्हणाली, माहीत आहे, पहिल्या दिवसापासून. मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, कोट किती वेळा मागितला. ते खरं आहे.

मला येता का म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, चार माणसांच्या श्वासाला त्या पंख्याचं व्हेंटिलेशन पुरणार नाही. बरं म्हणाली. पिशवी उचलायला मी पुढे झालो तोवर तिनेच उचलली होती.

४ नोव्हेंबर

बेडरूममध्येच आहे. थर्माकोलचा परिणाम उत्तम. बाहेरचा आवाज नाही, उजेड नाही, काही नाही.

आत्ता हिचा फोन आला. तळ्याकाठी थांबलेत. सकाळी जाग आली आणि पाऊस सुरू झाला, पडल्यापडल्या सगळा बघितला म्हणाली, पहिल्या थेंबापासून. तळ्यावर कसा आला, खिडकीपर्यंत कसा आला, सगळं सांगितलं. इतकं बोलताना मी हिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी विचारलं, काचेवर आतून ओल धरते का. म्हणाली, धरते. मग काय करतेस. म्हणाली, हाताने पुसते आणि बघते.

फोन ठेवला. कोट काल पुन्हा धुतला होता, वाळला असेल म्हणून आणायला बाहेर गेलो. दोरीवर निथळत होता. इथेही पाऊस पडून गेला होता. मला कळलंच नाही.