अंड्यात आवाज आला

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून दूधगाडीवाल्याच्या हाती हे देतेय. तुझं बाबांशी बिनसलंय, माझ्याशी तर नाही ना? मग शेवटपर्यंत वाच.

आई गेल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. त्यांना उठवलं ते हंसांनी. आपली पांढरी मादी, बाईसाहेब, यंदा मागच्या शेडमध्ये अंड्यांवर बसलीय. आधी एक दिवसाआड अंडं घालायची, गवताने झाकून निघून जायची. घरटं भरल्यावर स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून खाली अंथरली आणि मग जी बसली ती बसलीच. पाण्यापुरती उठते, धड खातही नाही, हाडं वर आलीत. तिचा नवरा फौजदार दाराशी पहाऱ्याला. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाची पँट फाडली त्याने! बाबा हसले रे. किती महिन्यांनी हसले.

तेव्हापासून ते तिथेच खुर्ची टाकून बसतात. पिल्लं झाली की त्यांना पाण्यावर नेताना आई पुढे असते, बाप मागे, हे मला रोज सांगतात. रोज नव्याने. कारण बाबा आता विसरतात, दादा. जेवल्याचं विसरतात. मला आईच्या नावाने हाक मारतात. पहिल्यांदा मी 'आई नाही हो, मी' म्हटलं, तर ढसाढसा रडले. आता मी मुकाट ओ देते.

काल त्यांनी एक अंडं माझ्या कानाला लावलं. आतून बारीक चिवचिव येत होती, आणि बाईसाहेब मान वाकवून हलक्या आवाजात उत्तर देत होती. बाबांचा चेहरा बघायला हवा होतास तू.

त्याच दुपारी जनावरांचे सरकारी डॉक्टर आले. पलीकडच्या कोंबड्यांमध्ये साथ आलीय. आसपासचे सगळे पक्षी मारायचे, अंड्यापिल्लांसकट. आपले धडधाकट आहेत हो, म्हणत मी हातापाया पडले. "साथ माणसांतही शिरते, बाई. माझ्या हातात काही नाही," म्हणाले ते. ते खरं बोलत होते, म्हणून तर भांडायलाही जागा उरली नाही. बाबा मात्र काठी घेऊन फौजदाराशेजारी उभे राहिले. म्हणाले, "आत पोरं बोलतायत. बोलणाऱ्याला कुणी मारतं का?"

शुक्रवारी सकाळी माणसं येतील. तोवर पिल्लं बाहेर येऊन आईच्या पंखाखाली बसलेली असतील.

बाबांना तिथून हलवायला मी काय नाही केलं! मावशीकडे जाऊ म्हटलं, दवाखान्यात जाऊ म्हटलं. "तुला असं टाकून कुठे जाऊ?" म्हणतात, कारण मी आई. ओढून न्यायचं तर चार माणसं लागतील, आणि ते ओरडत असताना तिकडे शेडमध्ये... मला लिहवत नाही. फक्त तुझं नाव निघालं की बूट शोधतात. "थोरला आला का न्यायला?" डाव्यात उजवा घालून दारात येऊन उभे राहतात. भांडण त्यांना आठवतच नाही रे. ते आता तुझ्या एकट्याकडे उरलंय. गुरुवारी ये. माझ्याशी एक शब्द बोलू नकोस हवं तर. फक्त म्हण, बाबा, माझ्याकडे चला. त्या माणसांना शेडचं दार मी उघडून देईन, तेवढं जमवेन कसंतरी. बाबांच्या डोळ्यांदेखत नाही जमणार.

तुझीच,
धाकटी