बिनकामाची फळी

प्रिय भिंगरी,

अक्षर ओळखलंसच. तोंड माझं, हात तुझ्या आईचा. बोलणं तुमचं दोघींचं बंद आहे, माझं नाही. चार महिने वाट पाहिली, एकीला तरी पाझर फुटेल म्हणून. पण मायलेकी एकाच मातीच्या. शेवटी सूनबाईला म्हटलं, कागद घे, नातीला पत्र धाडायचंय. म्हणाली, फोन करा. फोनवर मला ऐकू येत नाही असं ठोकून दिलं. पत्र कशासाठी, ते तिलाही सांगितलेलं नाही. आधी कळलं तर पेन टाकून उठेल. अट एकच घातलीय, मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं. गाळायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही.

तुझ्या कामाचं मला कळतं बरं का. घरं सजवून देणाऱ्या कंपन्यांसाठी तू जाहिराती लिहितेस, वाचून गिऱ्हाईक स्वतःहून फोन लावेल अशा. परवा शेजारणीने एक वाचून दाखवली, ‘तुमच्या भिंतींना मोकळा श्वास घेऊ द्या.’ अगं, भिंतींना काय दमा झालाय? पण शेजारीण लगेच म्हणाली, आमच्याही पुढच्या खोलीत कोंडल्यासारखंच होतं हो. म्हणजे लागू पडतंय म्हणायचं. ऊर भरून आला. रक्तच आहे ते! मीही वीस वर्षं खांद्यावर पडद्याचं कापड टाकून दारं वाजवली. पण कुणाच्या खिडकीला कधी नाव ठेवलं नाही. म्हणायचे, बाई, उजेड किती छान येतो हो तुमच्याकडे! मग तीच म्हणायची, येतो खरा, पण दुपारी डोळ्यांवर येतो. झालं, गाठोडं सोडायचं. घराची उणीव घरवालीला तोंडपाठ असते, आपण सांगायची गरज नसते. आपण चांगलं तेवढं शोधायचं, आणि ते खरं असलं पाहिजे.

आता तुझं काय चुकलं ते ऐक. मागच्या खेपेला आलीस आणि स्वयंपाकघराचा फोटो काढायला लागलीस. आठवण म्हणून काढतेस असं वाटून तुझ्या आईने घाईघाईने ओटा पुसला, केस सारखे केले. तू म्हणालीस, आई, जरा बाजूला हो ना, ओटा दिसत नाहीये. महिन्याभराने तोच फोटो तुझ्या जाहिरातीत आला आणि हिच्या मैत्रिणीने हिला पाठवला. एकीकडे आपलं स्वयंपाकघर, दुसरीकडे कुणाचं तरी चकचकीत, आणि वर तुझं वाक्य, ‘अशा स्वयंपाकघरात आणखी किती दिवस काढणार?’ ओट्याशेजारच्या फळीला बाण, खाली लिहिलेलं, ‘बिनकामाची फळी, वाया गेलेली जागा.’ घाई होती, दुसरा फोटो हाताशी नव्हता, हे तू मला सांगितलंस. हिला नाही सांगितलंस.

ती फळी हिने स्वतः ठोकलीय, शेजारचं ड्रिल मागून आणून. तू पहिलीत होतीस आणि आई नजरेआड झाली की भोकाड पसरायचीस. म्हणून ओट्याला लागून, तुझ्या कोपराच्या उंचीवर फळी. बसली तिरकी. पेन्सिल घरंगळायला लागली, तर कडेला पट्टी मारली. इकडे भाजी चिरली जायची, तिकडे तुझं अ आ इ. मलाही शिकवायला बसवलंस; मी ‘ग’पर्यंत पोचले आणि डुलकी लागली. लिहायला कुठे शिकलीस असं तुझ्या कंपनीने विचारलं, तर काय सांगणार आहेस?

इथे पेन थांबलं. म्हणे गॅसवर काहीतरी आहे. गॅस केव्हाचा बंद आहे.

आली. डोळे लाल आहेत, आणि कांदा तर घरात नाही.

तर आता कारण. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुतार येतोय, ती फळी उखडायला. हिनेच बोलावलाय. भांडणं, रडणं हिला जमत नाही, सुतार बोलावणं जमतं. त्याच्या आधी तू ये. माफीचं भाषण नको. तुला ते फार सुंदर जमेल, म्हणूनच नको. गुडघे आखडून त्या फळीशी बस आणि हिला तिच्याच स्वयंपाकघराची जाहिरात लिहून दे, माझ्या रीतीने. गिऱ्हाईक एकच आहे आणि चिवट आहे. हे पत्र मी शेजारणीकडूनही लिहवलं असतं. पण ‘तू ये’ हे मला हिच्याच हातून कागदावर उतरवायचं होतं. उतरलं, आणि तेही त्या बिनकामाच्या फळीवर. पुढे मी गप्प बसले तर ही कागद उलटा करून लिहीतच राहिली. विचारलं तर म्हणाली, तारीख टाकतेय. तारखेला चार ओळी लागत नाहीत, एवढं मलाही कळतं. पदरचं घालायचं नाही ही अट मोडली गेलीय, पण मी काही बोलणार नाही. मागे काय आहे ते तू वाच, आणि मला वाचून दाखवू नकोस.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी