डुकरं पळवणारा आवाज

महागाव,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप देवरावभाऊ यांस,

रामरावचा नमस्कार, आणि या वेळी तो नेहमीपेक्षा बराच खाली वाकून. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा बीपी ठीक आहे ना, दिग्रसच्या बाजारात नवा कापूस येऊ लागला का, हे सगळं विचारायचं आहे. पण मुद्द्याचं आधी लिहितो. तुमची बहीण, म्हणजे आमची कोकिळा, पिशवी घेऊन तुमच्याकडे आली त्याला आता आठवडा होऊन गेला. तिनं माझ्याबद्दल जे सांगितलं असेल ते बहुतेक खरं आहे. ती परत येते की नाही या धास्तीनं मला घास उतरत नाही. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन वाजला की तीच उचलते (हिंमत करून लावला होता, "हॅलो" ऐकताच ठेवून दिला), म्हणून हे पत्र शेजारच्या लालसिंगच्या हाती पाठवतो आहे. कृपा करून गोठ्यात जा आणि एकट्यानं वाचा.

कपिलचं लग्न जमत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलीकडचे येतात, "शेती आहे, ते ठीक, पण मुलगा करतो काय?" असं विचारतात आणि चहा पिऊन उठतात. म्हणून पोरानं यंदा नाल्याकडच्या वावराच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, पांढरे तंबू उभे केले. त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात. म्हणजे राहायचं तंबूत, पण आत पलंग, गादी, पंखा आणि बसायचा संडास. शेतात येऊन शेताचा त्रास होऊ नये अशी सगळी तजवीज. (मग हे लोक घरीच का राहत नाहीत, असं मी विचारलं तर कपिल माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.) पण बायोडेटात शेतीपुढे 'पर्यटन व्यवसाय' लागलं आणि तुमच्या ओळखीनं यवतमाळच्या अर्पिताचं स्थळ चालून आलं. मग तुमचाच फोन आला, की मुलीचे वडील गुपचूप चौकशीला कोणाला तरी पाठवणार आहेत, तो पाहुणा बनून येईल, जपून राहा. तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत. पण त्या दिवसापासून तंबूत उतरणारा प्रत्येक माणूस मला फौजदार दिसू लागला.

दसऱ्याच्या सुट्यांत यज्ञेश्वरराव आले. यवतमाळला कुठल्याशा कचेरीत आहेत, सोबत बायको मंजुषाताई आणि दोन लेकरं, साकेत आणि गौरी. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मला विचारलं, "विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का हो?" भाऊ, तंबूत दोन दिवस राहायला आलेल्या माणसाला उन्हाळ्यातल्या पाण्याशी काय करायचं आहे? थोड्या वेळानं म्हणाले, "मुलाला खर्र्याची वगैरे सवय नाही ना?" मी ओळखलं की हाच तो. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा मी तिथंच गिळला, आणि त्याचे पुढचे परिणाम इथं लिहीत नाही.

आता चौकशीवाल्याची लेकरं आपल्या वावरात आल्यावर बापाला किती गोष्टींची भीती वाटते, ते तुम्ही शेतकरी आहात म्हणून तुम्हालाच कळेल. या वावरात माझी हयात गेली, पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदाच दिसलं: इकडे विहीर, तिकडे नाला, दगडाखाली इंचू, गवतात साप, आणि मधोमध आमचा बैल सर्ज्या, जो मागच्या पोळ्याला सरपंचाला घेऊन पळाला होता. लेकरांना मात्र कशाचीच भीती नाही. साकेत दगड दिसला की उलटा करून पाहायचा. गौरीनं सर्ज्याच्या शिंगाला आपली रिबीन बांधली (तो उभा राहिला, मी खाली बसलो). दिवसभर मी काठी घेऊन त्यांच्या मागं मागं फिरलो. शेवटी साकेत मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही आम्हाला एवढे घाबरता का?"

आणि या भीतीपोटीच पुढचं सगळं झालं. रानडुकरांसाठी वावराला तारेचं झटका मशीन लावलं आहे. लेकरांचा हात लागेल म्हणून ते मी बंद केलं. मशीन बंद म्हणजे डुकरांना आमंत्रणच, आणि सोयाबीन काढणीला आलेलं. म्हणून भोंग्याचा आवाज वाढवून ठेवला; तंबूतल्या पाहुण्यांनाही तो ऐकू जाईल, हे त्या घाईत डोक्यातच आलं नाही.

हा भोंगा काय, ते आता सांगावंच लागेल. अंधार पडला की आपोआप ओरडायला लागतो, पुन्हा पुन्हा तेच, असं सोलरवरचं यंत्र कपिलनं नाल्याकाठी बसवलं आहे. त्यात आधी मी माझा आवाज भरला होता. डुकरं पहिल्या दिवशी थबकली, दुसऱ्या दिवशी भोंग्याखालीच चरायला लागली. मग फटाके भरले, कुत्री भरली, कशाचा उपयोग नाही. अशात एके दिवशी मी गिरणीतून दळण आणायला विसरलो. कोकिळा सुरू झाली. मोबाइल खिशात होता आणि माझी बुद्धी फिरली; रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि ते बोलणं भोंग्यात भरलं. भाऊ, खोटं सांगत नाही, त्या संध्याकाळपासून एका डुकरानं त्या वावरात पाय ठेवला नाही. पावलांचे ठसे नाल्यापर्यंत येत आणि तिथूनच वळत. मला तर तिचा अभिमानच वाटला, फक्त तो तिला सांगण्यासारखा नव्हता. नाला घरापासून लांब, ती तिन्हीसांजेला तिकडे फिरकत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

तर त्या दिवशी मंजुषाताईंनी हट्ट धरला की जेवण तंबूपुढेच करू, चुलीवरचं, उघड्यावर. कोकिळा नवं लुगडं नेसून आली. अर्पिताकडचे म्हणून इतकं हळू बोलत होती की मला वाटलं घसा बसला. भाकर वाढताना "घ्या नं ताई, लाजू नोका," असं म्हणाली ते मलाही नीट ऐकू आलं नाही. मंजुषाताई म्हणाल्या, "किती शांत स्वभाव आहे हो तुमचा." आणि दिवस मावळला.

"काहून हो, कानात बोळे घालून बसले का? सकायपासून सांगून राह्यली, दळन आना, दळन आना! मले मोलकरीन समजले का? म्या हाव म्हनून या घरात निभली, दुसरी कोनी असती तं पयल्याच पोळ्याले माहेरी पळाली असती. देवा, दुश्मनाची पोरगी बी या घरात देऊ नोको!"

नाल्याकडून सगळं शिवार दणाणलं. यज्ञेश्वररावांचा घास हातातच राहिला. गौरी टक लावून कोकिळेच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत होती. "आई, या आजींसारख्या तिकडे आणखी एक आजी आहेत," ती म्हणाली. कपिल भोंगा बंद करायला धावला आणि वाटेत पाटाच्या चिखलात आडवा झाला, त्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं. दळण, मोलकरीण, पोळा, दुश्मनाची पोरगी.

मला वाटलं आता कोकिळा बोलेल. मी मान खाली घालून तयार बसलो होतो. पण ती काहीच बोलली नाही. सगळ्यांना वाढलं, भांडी गोळा केली, घरी आली आणि झोपली. भाऊ, साप, विहीर, चौकशीवाला, दिवसभर मी ज्याला ज्याला भ्यालो ते काहीच नव्हतं. खरा मी तेव्हा भ्यालो. सकाळी पाहुणे गेले, आणि मागोमाग पिशवी उचलून तीही निघाली. दारात एवढंच म्हणाली, "आता सून मले घ्यायले आली तं येईन. तुमी येऊ नोका." आणि सून येण्याची वाट तर मीच भोंगा लावून बंद केलेली.

म्हणून हात जोडून विनंती आहे, की तुम्ही अर्पिताच्या वडिलांना भेटा आणि सांगा की तो आवाज शेजारच्या वावरातला होता. (शेजारी लालसिंगचं वावर आहे. त्याची बायको सुखीबाई अतिशय हळू बोलते, पण तेवढ्यासाठी यवतमाळहून कोण पाहायला येतो.) स्थळ टिकलं तर कोकिळा परत येईल. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. कोकिळेला काय लिहू, ते समजत नाही.

आपला घाबरलेला,
रामराव

ता. क. : कोकिळेचा आवाज कपिलनं भोंग्यातून रागानं पुसून टाकला. तेव्हापासून डुकरं सोयाबीनमध्ये नुसती धुमाकूळ घालताहेत. तिची यायची इच्छाच नसेल, तर तिला सहज विचारा, की रामराव माणूस कसा आहे. विचारताना मोबाइल जवळ ठेवा, आणि ती जे बोलेल ते व्हॉट्सॲपवर पाठवा. मध्ये थांबवू नका.

ता. क. दुसरा : लालसिंग निघतच होता, तेवढ्यात यज्ञेश्वररावांचा कपिलला फोन आला. तेव्हा भाऊ, तुम्ही आता शेजारच्या वावराचं कोणाला काही सांगू नका. मंजुषाताईंनी अर्पिताला सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि मुलगी म्हणाली, ज्या घरात सासू इतक्या मोठ्यानं बोलू शकते आणि सासरे ते जपून ठेवतात, तिथं मला तोंड दाबून राहावं लागणार नाही. तिचा होकार आहे. फक्त म्हणते की आधी सासूबाईंना महागावच्या घरी भेटेन, मगच पुढचं. इकडे सासूबाई म्हणतात की सून घ्यायला आली तरच येईन. तुम्ही मोठे आहात, हा गुंता तुम्हीच सोडवा.

ता. क. तिसरा : डुकरांचं मघाशी लिहिलं ते खोटं आहे. कोकिळा गेल्यावर लगेच सोयाबीन निघालं, मळणीही झाली, त्या वावरात डुकराला खायला काही उरलेलं नाही. तरी गुंता सुटेपर्यंत तिचा आवाज तेवढा पाठवाच. घर फार शांत झालं आहे, आणि दिवस मावळला की मला भीती वाटते.