कार्ड अडकलंय

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार, वालूर

आजपासून रोज लिहायचं, आणि खरं तेवढंच लिहायचं. कोणी वाचणार नाही, म्हणून आणखी जपून.

शिवरंजनीच्या लग्नाला तीन आठवडे म्हणून एप्रिलमध्ये माहेरी आले होते. धाकटी बहीण सासरी गेली, मोठी इथेच राहिली. पण यात माझा दोष नाही. लग्नावर मिळालेलं ग्रीन कार्ड पहिली दोन वर्षं अटीचं असतं. मग नवराबायकोने मिळून अर्ज करायचा, लग्न खरं आहे हे पुन्हा दाखवायचं, की अटी निघतात आणि पक्कं कार्ड येतं. आमचा अर्ज नोव्हेंबर २०२३ मधला. अजून निकाल नाही. कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, कार्ड अडकलंय. हे खोटं नाही.

निकाल लागेपर्यंत येण्याजाण्याची मुभा आहे, असं पत्र तिथल्या इमिग्रेशन ऑफिसने दिलंय हेही खरं. पण त्या पत्राच्या घडीवर शाई पुसट झाली आहे. एअरपोर्टवर कोणी हरकत घेतली तर? धोका नको. निकाल लागला की लगेच निघायचं. हे ठरलं.

९ सप्टेंबर

सकाळी लिंगपूजा, मग दुकानात. आप्पांच्या गुडघ्यामुळे मी किराणा बघते. उधारीची वही मी नीट लावली, डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. हे तात्पुरतं.

मुंजाजीकाका बेसन न्यायला आले. म्हणाले, का पोरी, अजून इथंच? मी म्हटलं, कार्ड अडकलंय. ते म्हणाले, तिथंबी साहेब जागेवर नसतो का? आप्पा हसले. मी पण हसले. नंतर वाटलं, एका परक्या सरकारची उगीच बदनामी झाली. उद्या काकांना नीट समजावून सांगायचं.

१० सप्टेंबर

काका आले नाहीत.

१६ सप्टेंबर

नवऱ्याचा, पंकजचा, फोन अमेरिकेतून, कोलंबसहून. ऑफिसने आणखी पुरावे मागितलेत, डिसेंबर लागायच्या आत. लग्नाचे फोटो, आम्हाला ओळखणाऱ्या दोघांची प्रतिज्ञापत्रं, आणि आम्ही दोघं कसं राहतो याबद्दल माझ्या शब्दांत अर्धं पान. बाकी भाडेपट्टा, बँक वगैरे ते बघणार. म्हणाले, अर्धं पानच आहे. मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत देते.

हालचाल झाली म्हणून बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र एकाच गिऱ्हाइकाची साखर तीनदा तोलली. ते आनंदाने असावं.

लग्नाचे फोटो काढले. लॉकडाऊनमधलं लग्न, पन्नास माणसांची परवानगी, सगळ्यांना मास्क. अक्षता पडतानाच्या फोटोत नवरदेव ओळखू येत नाही. नवरी तर बाशिंगामुळे तशीही येत नाही. जेवणाचा एक फोटो सापडला, त्यात तोंडं दिसतात, पण आम्ही वेगवेगळ्या पंगतींत आहोत.

१८ सप्टेंबर

अर्धं पान लिहायला बसले.

'आम्ही सुखाने राहतो.' खोडलं. पंकजच्या सुखाची शपथ मी कशी घेणार?

'आम्ही रोज एकत्र जेवतो.' खोडलं. एप्रिलपासून नाही.

'मी तीन वर्षं त्यांच्यासोबत राहिले.' हे राहू दिलं. मग पुढे काय? ते कामावर जायचे. मी फ्लॅटमध्ये. संध्याकाळी आले की बूट काढता काढता विचारायचे, आज काय केलंस? साधा प्रश्न. रागाने नाही, प्रेमानेच. पण मला दुपारपासून उत्तर तयार ठेवावं लागायचं. काही दिवस मी सांगायचे, कपाट आवरलं. एकच कपाट किती वेळा आवरणार.

हे ऑफिसला कशाला सांगायचं? विषय सोडून होतं. प्रतिज्ञापत्रं आधी करू, मग त्यांच्या सुरात सूर मिळवून माझं लिहिता येईल. तेच योग्य.

२२ सप्टेंबर

एक काम मात्र चोख झालं. राजेश्वर स्वामींनी आमचं लग्न लावलं, म्हणून पहिलं प्रतिज्ञापत्र त्यांचं. दुसरं परभणीहून सासूबाईंचं, चन्नबसम्मा म्हणजे आमच्या अत्याबाईंचं. दोघांना सेलूला नोटरीकडे नेलं. टायपिस्टला दोघांनी आपापल्या तोंडाने सांगितलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, उगाच माझा हात लागायला नको.

स्वामींनी सांगितलं, ही मुलगी इतकी संस्कारी आहे की नवऱ्यापासून सहा महिने लांब राहून तिने एकदाही तक्रार केली नाही. नवराही तितकाच गुणी, त्याने एकदाही घाई केली नाही. असं शांत जोडपं मी पाहिलेलं नाही.

अत्याबाईंनी सांगितलं, मुलगा परदेशी असला तरी सून दर महिन्याला चार दिवस माझ्याजवळ असते. पाय चेपते. अशा सुनेमुळे मला मुलाची उणीव भासत नाही.

ऐकता ऐकता टायपिस्टचेही डोळे पाणावले. याहून खरं लग्न कोणतं? परत येताना अत्याबाई जीपमध्ये म्हणाल्या, आता ठप्पा मारायला काय जातंय त्यांचं.

२४ सप्टेंबर

स्कॅन करून पाठवायला सेलूला जायचं होतं. पुलावरून पाणी. फोनवर फोटो काढूनही चालतं, पण कागद वाकडा येतो.

२६ सप्टेंबर

शेवटी फोटो काढूनच पाठवले. थोडे वाकडे.

२७ सप्टेंबर

पंकज म्हणाले, आपला अर्ज बघणाऱ्या वकीलबाईंना भाषांतर करून वाचून दाखवलं. आधी त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. ऑफिसला बघायचंय की नवराबायको एका घरात राहतात. आपण दोन माणसांना शपथेवर सांगायला लावलं की राहत नाहीत. आणि ते फार छान सांगितलं.

मी म्हटलं, पण सगळं खरं आहे. ते म्हणाले, तेच तर.

मग म्हणाले, महेश्वरी, त्या पत्रावर येता येतं. मी दोनदा विचारून घेतलंय. तू आलीस की सगळ्यात मोठा पुरावा तोच.

मी शाईचं सांगितलं. ते म्हणाले, नवी प्रत काढून पाठवतो. मी हो म्हटलं. मोकळं वाटलं. आता नक्की.

स्वामींना कळवायचं नाही. त्यांना वाईट वाटेल.

२९ सप्टेंबर, सोमवार

स्वामींना आप्पांकडून कळलं की काम अजून अडलंय. प्रतिज्ञापत्राचं कळलं नाही, तेवढं बरं. ते घरी आले. म्हणाले, पोरी, आमी हाव ना. कागदानं व्हायलं न्हाई तर महादेवाला सांगू. अकरा सोमवार अभिषेक धरू तुझ्या नावानं, अडथळा जाऊ दे म्हणून.

तेव्हाच सांगायला हवं होतं की अडथळा तसा नाही. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आईने स्वामींपुढे पाट मांडला, आणि बोलणाऱ्याच्या मध्ये बोलणं बरं नाही. पहिला अभिषेक आजच झाला. मी हात जोडून बसले. देवाला मनातल्या मनात खरं सांगितलं, म्हणजे त्याची फसवणूक झाली नाही. बाकीच्यांना सवडीने.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आई सोमवार धरायला लागली आहे. फक्त पाणी. मी म्हटलं, तुला शुगर आहे. ती म्हणाली, लेकरासाठी एवढंबी करू नये का. मग मीही धरला. दुपारी दुकानात शेंगदाण्याची चव घेऊन बघावी लागली, माल खवट निघाल्याची तक्रार होती. तीन मुठी.

अर्धं पान या आठवड्यात.

२३ ऑक्टोबर

दिवाळीत शिवरंजनी आली. म्हणाली, ताई, तू इथं लय खुश दिसायलीस. हे काय बोलणं झालं. मी तिला चकलीचा साचा धुवायला लावला.

मी खुश नाही. मी उपयोगी आहे. दोन्ही वेगळं. संध्याकाळी आप्पा गल्ला बंद करतात, आज काय झालं विचारतात, आणि मला सांगायला असतं.

१ नोव्हेंबर

पंकजने तिकीट काढलं. २७ नोव्हेंबर, हैदराबादहून. पत्राची नवी प्रतही आली, शाई ठळक. बॅग खाली काढली, पुसली. लोणच्याची बरणी, अत्याबाईंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी. अर्धं पान विमानात लिहायचं, तिथे शांतता असते.

५ नोव्हेंबर

कॅलेंडर बघताना लक्षात आलं. अकरावा सोमवार ८ डिसेंबरला येतो.

संकल्प अर्ध्यावर टाकून निघायचं? ज्याच्यासाठी धरला तेच काम बिघडलं तर? शेवटी नियम म्हणजे नियम. तरी एकतर्फी ठरवायचं नाही, म्हणून स्वामींकडे गेले. ते बेल निवडत होते. म्हणाले, तू जा की पोरी, खुशाल जा. आमी करूत. देवाला काय, तू इथं बसलीस काय न तिथं.

किती समजूतदार. पण हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. म्हाताऱ्या माणसाच्या भिडस्तपणाचा फायदा घेणं मला जमणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अत्याबाई अभिषेकाला मुद्दाम परभणीहून आल्या. प्रसाद घेताना माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, माय, तो परवा फोनवर सांगायलाय, भात एकदाच करतो अन् दोन दिवस खातो. मी म्हनलं, अरे तुझी बायको येईल ना आता. तर म्हणे, हो. नुसतंच हो.

त्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाल्या, तुमा दोघांची लय परीक्षा बघायलाय ते हापिस.

शिऱ्याचा द्रोण तसाच हातात घेऊन निघाले. घरी येऊन ठरवलं, उद्या सगळ्यांना बसवून सांगायचं. आधी आईला, मग आप्पांना, मग अत्याबाईंना फोन.

१८ नोव्हेंबर

आईचं डोकं दुखत होतं.

२५ नोव्हेंबर

पंकजला कळवलं की संकल्प आहे, तारीख पुढे घ्यावी. इतकं थोडक्यात लिहिलं की गैरसमज व्हायला जागा नको. त्यांचं उत्तर, ठीक आहे. खाली आणखी एक ओळ, तुझं अर्धं पान राहू दे, वेळ संपत आलाय, मी माझं पाठवतो.

म्हणजे माझ्यावरचा भार कमीच झाला.

२८ नोव्हेंबर

काल मी गेले नाही. आज दुकानात मुंजाजीकाका आले आणि म्हणाले, काल जायची होतीस ना तू?

मी तराजूतली वजनं काढायला लागले. तेवढ्यात आप्पा म्हणाले, हापिसानं तारीख पुढं ढकलली. आमच्या हातात काय हाय.

मी आप्पांना काहीच सांगितलं नव्हतं. पंकजने त्यांना फोन केला असणार. किंवा फोनची गरजही नसेल, बॅग पलंगाखाली परत गेली ते त्यांनी बघितलं असेल. ते काकांचा गूळ बांधत होते. माझ्याकडे बघितलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावरही नाही. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना खोटं बोलताना ऐकलं, आणि त्यांना ते नीट जमलंसुद्धा नाही. ऑफिस म्हणताना आवाज चिरकला.

माझं वाक्य 'कार्ड अडकलंय' हे शब्दाला शब्द खरं होतं. त्यांचं नव्हतं. हा फरक आहे.

दुपारी जेवले नाही. चिठ्ठ्या लावलेले डबे पुन्हा पुसले.

४ डिसेंबर

निकाल लागला. मंजूर. अटी काढल्या, दहा वर्षांचं कार्ड.

आईने देवापुढे नारळ फोडला. आप्पा म्हणाले, बरं झालं, आणि बाहेर जाऊन उभे राहिले. अत्याबाई फोनवर रडल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मीही आनंद केला.

मग पंकजने त्यांचं अर्धं पान पाठवलं, मी मागितलं म्हणून. इंग्रजीत आहे. त्यात लिहिलंय, आमचं स्वयंपाकघर लहान आहे. माझी बायको फोडणी देते तेव्हा धुराचा अलार्म वाजतो. ती खिडकी उघडते, मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवतो. वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन रागावते, आम्ही सॉरी म्हणतो आणि दार लावून हसतो. दिवसभरात काय झालं ते ती मला संध्याकाळी सांगते. बऱ्याचदा ते कपाटाबद्दल असतं. मला ते ऐकायला आवडतं. ती सध्या आईवडिलांकडे आहे. एप्रिलपासून अलार्म वाजलेला नाही.

पुष्कळदा वाचलं. खोडण्यासारखं एकही वाक्य सापडलं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

अकरावा अभिषेक. आता मागण्याचा नाही, आभाराचा. गावातली बरीच माणसं आली. स्वामींनी सगळ्यांसमोर सांगितलं, कामं कशी होतात बघा, मन साफ पाहिजे. आप्पा खांबाशी बसले होते. त्यांनी मान खाली घातली, मी पण.

सकाळीच पंकजचा मेसेज आला होता. कार्ड घरी आलंय. तुझ्या नावाचं पाकीट आहे म्हणून उघडलं नाही. इथंच ठेवू, की तिकडे पाठवू?

एका शब्दाचं उत्तर. दिवसभर दोन्ही शब्द लिहून पुसले. शेवटी पाठवलं, उद्या सांगते.

गर्दी पांगल्यावर स्वामींना विचारलं, अजून अकरा सोमवार धरले तर चालतील का. ते म्हणाले, चालतंय की पोरी, पण आता कशासाठी?

मी म्हटलं, उद्या सांगते. ते ताम्हण हातात धरून उभे राहिले.