तुमचं तीन म्हणजे किती?

५ जाने. २००७
हॉस्पिटलने नवीनच टूम काढलीय. हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या आम्हा काही पेशंटांना निवडलंय. रोज संध्याकाळी मोबाइलवर मेसेज येणार : आज मन कसं, १ ते ५? दिवसभर काय केलंत? आपण उत्तर धाडायचं. महिनाभर बघून डॉ.बाई ठरवणार, मला सातिवलीच्या गाळ्यावर सोडायचं की नाही. तिकडे पार्टनर गावडे एकटा पडलाय. उभी हयात लेथवर गेली, पण मन मोजायचं गेज काही पाहिलं नव्हतं. बघू तरी.

८ जाने.
परवा पहिल्याच मेसेजला चार दाबत होतो. सौ.ने हात धरला. "आत्ता कुठे उठलाय माणूस. चांगलं चाललंय म्हणून गावभर सांगू नका, दृष्ट लागते." मग तीन. कालही तीन, आजही. तीन बरं. ना रड, ना मिरवणं.

१५ जाने.
गंमतच आहे. मेसेज यायच्या आधीच स्वतःकडे बघायला लागलोय. चहा पिताना : आत्ता किती? टीव्हीवर बातम्या लागल्या की उतरतं. सौ. भाजी निवडताना गुणगुणते तेव्हा चढतं. चोपन्न वर्षांत हे कधी लक्षातच आलं नव्हतं.
पाठवलं मात्र तीनच.

७ फेब्रु.
घोळ झाला. सिस्टरचा फोन. "काका, महिनाभर तुम्ही तीनच्या वर गेला नाहीत. डॉ.बाई म्हणतात मन रमत नाहीये, गाळ्याची घाई नको."
डोकंच सटकलं. अहो, मजेत आहे मी. मग सगळं सांगितलं, बरं असलं तरी आमच्याकडे बोलत नाहीत, दृष्टीचं वगैरे. हसेल वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "मग तुमचं तीन म्हणजे किती?"
मलाच माहीत नाही.
आता खरं तेच पाठवायचं.

१० फेब्रु.
सकाळी सौ.बरोबर शेजारच्या सांडोर गावापर्यंत चालत. केळीला पाणी सोडलेलं, छान गारवा. बागेतल्या म्हातारीने हाक मारली, "पानी प्या नि मग जा." घरी येईस्तोवर धाप नाही.
संध्याकाळी पाच दाबलं. छातीत धडधडलं, पण ते वेगळं. सौ.ने लगेच मीठ-मोहरी उतरवली. आधी माझ्यावरून, मग मोबाइलवरून.

१९ फेब्रु.
परवानगी मिळाली. रोज अर्धा दिवस. पुढचं मेसेज बघून.

२० फेब्रु.
गाळा. दारातूनच लेथचा आवाज आला, बरं वाटलं. लेथवर लावायचा जॉब हातात घेतला तर गावडेने अलगद काढून घेतला. "दादा, तुम्ही बसा. नुसते असलात तरी पुरे." पंख्याखाली खुर्ची मांडून ठेवलेली. कामगारसुद्धा हळू बोलत होते. गावडेचा काय दोष, भ्यालाय तो. पण वाईट वाटलं. फार वाटलं.

आत्ता मेसेज आलाय. आज मन कसं?
खरं म्हणजे दोन. दोन पाठवलं तर गाळा बंद. पाच म्हणजे खोटं. आणि तीन पाठवलं तर सिस्टर पुन्हा विचारणार, तुमचं तीन म्हणजे...
उद्या जायचंय मला. खुर्चीत बसायला लागलं तरी जायचंय.

सौ. मुठीत मीठ-मोहरी घेऊन मागे उभी आहे. तिला वाटतंय पाचच.