हललं की पळायचं नाही

१२ मार्च

मी पळाले.

सातवी ब समोर बसलेली, मी फळ्यावर तारीख लिहितेय, आणि जमीन हलली. खडू टाकला, दार उघडलं, थेट पटांगणात! मुलं वर्गात आणि त्यांची मावशी (इथे शिकवणाऱ्या बाईंना मावशीच म्हणतात) बाहेर, झेंड्याच्या खांबाला मिठी मारून. परत गेले तर सगळे जागच्या जागी. विसलीन तेवढी बाकाखाली. ती हैतीची. तिची आई तिथल्या भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली आहे.

"पाच पॉइंट एक!" डाफ्ने म्हणाली. मागून कुणीतरी, "हॅट, चार पॉइंट आठ!" इथली पोरं भूकंपावर पैजा लावतात. मग डाफ्नेने मला आपादमस्तक न्याहाळलं. "मावशी, तुमच्या व्हेनेझुएलात जमीन नसते का गं?"

वर्ग खो खो हसला. आणि मला या शाळेत नेमलंय कशाला? तर इथली, बोलिव्हियाची, हैतीची, आमच्याकडची, सगळी मुलं गुण्यागोविंदाने राहावीत, कोणी कोणाला हसू नये म्हणून!

१३ मार्च

मुख्याध्यापिका सोलेदादबाईंनी बोलावलं. आवाज गोड. "झालं ते झालं, नोरेलिस. पण पालक विचारतायत, वर्ग टाकून पळणाऱ्या बाईकडे मुलं कशी सोपवायची? पुन्हा असं झालं तर मला तुला ठेवता येणार नाही."

म्हणजे पुन्हा पळाले की नोकरी गेली. नोकरी गेली की या देशात राहायची परवानगीही गेली. घरी येऊन आईला फोन केला, म्हटलं, सगळं छान आहे.

पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच म्हणतो. समुद्राकाठच्या या इकिके शहरात ती खरोखर सरकते, आणि लोक पाव खात बसतात.

२० मार्च

नवा खेळ निघालाय. चार-पाच जण मिळून गुडघ्यांनी बाकं हलवतात, हळूहळू, आवाज न करता. विसलीन झर्रकन खाली शिरते. मग हशा. आज मीही दाराकडे दोन पावलं टाकली. हशा डबल.

मी ओरडले नाही. ओरडायला आवाज कुठून आणू?

२ एप्रिल

एक तास मागून घेतला. बाकं भिंतीला, सगळे गोल. नियम दोनच. भीती वाटली तर सांगायचं. दुसऱ्याने सांगितलं तर हसायचं नाही.

तास सपशेल आपटला! डाफ्ने म्हणाली, "मला कशाचीच भीती वाटत नाही, मला जाऊ दे." एकाला झुरळाची, एकाला गणिताच्या पात्रिसियो सरांची. मग विसलीन बोलली, अडखळत, शब्द शोधत. "रात्री आई दार उघडं ठेवून झोपते. मी जागी राहते. कुणीतरी जागं पाहिजे ना." कोणी हसलं नाही. डाफ्ने नखं बघत होती.

मी ठरवून टाकलं. त्सुनामीच्या इशाऱ्याचा भोंगा झाला की डोंगरावर जातो, तेव्हा हजेरीच्या क्रमाने रांग नाही. जोड्या. एक इथला, एक बाहेरचा. हात धरायचा, वरपर्यंत सोडायचा नाही. डाफ्नेला विसलीन दिली. तोंड असं केलं पोरीने, जणू मी एरंडेल पाजलं!

९ एप्रिल

पात्रिसियो म्हणतो, "सहाच्या खाली आम्ही चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही, बाई." मला हसता आलं नाही.

२३ एप्रिल

आज एकाने बाक हलवायला सुरुवात केली आणि डाफ्ने गर्रकन वळली. "ए शहाण्या, बस कर. विसलीनला त्रास होतो. तुझ्या बापाचं काय जातं हलवायला?" भाषा सुधारायला हवी. पण मला तिचा मुका घ्यावासा वाटला!

तास संपल्यावर टेबलाशी आली. "मावशी, तुला अजून भीती वाटते?"

"छे! संपली ती."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण हिला खरं सांगितलं, हिने घरी सांगितलं, घरच्यांनी सोलेदादबाईंना सांगितलं, तर? रोज सकाळी आरशासमोर बसते. हात मांडीवर, हसू तोंडावर. हललं की पळायचं नाही. हललं की पळायचं नाही.

३० एप्रिल

हललं. थोडंसंच. मी बसून राहिले! दात इतके आवळले की अजून जबडा ठणकतोय. मुलं पैज लावायची विसरली, सगळी टकामका माझ्याकडे. परीक्षाच घेत होती कार्टी. पास झाले.

१५ मे

घरी पोहोचले तशीच लिहायला बसले.

सुरुवात बारीकच होती. मी खुर्चीत. हात मांडीवर, तोंडावर ते हसू. बाहेर कुत्री भुंकायची थांबली. दिवे झोके घ्यायला लागले. माझं आतून सगळं ओरडत होतं, ऊठ, ऊठ, मुलांना खिडकीपासून हलव! आणि मी स्वतःला सांगतेय, उठायचं नाही, नोरे, या वेळी नाही. मुलंही बसलेली. विसलीनसुद्धा! शेजारच्या वर्गातून पात्रिसियोचा आवाज आला, चहाचा कप खाली न ठेवणाऱ्या पात्रिसियोचा, फाटलेला: "खिडक्यांपासून लांब! खाली, खाली!" तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. आणि काच फुटली.

डाफ्नेचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला.

मग भोंगा. मग डोंगर. मला चढ आठवतच नाही, फक्त पाठी आठवतात, दोन-दोन. जोड्या सुटल्या नाहीत. विसलीनने स्वतःचा स्वेटर डाफ्नेच्या हाताला गुंडाळला होता आणि दुसरा हात धरून तिला ओढत होती. वर पोहोचून मोजली. सगळी होती. परत मोजली. समुद्र खाली गप्प पडून होता, काहीच आलं नाही.

संध्याकाळी सोलेदादबाईंनी मला जवळ घेतलं. "शाबास! या वेळी जागची हलली नाहीस. पालकसुद्धा कौतुक करतायत."

मी वाळूत जाऊन ओकले.

१६ मे

शाळा बंद. दिवसभर दाराच्या चौकटीत बसून होते. त्या पोरीचा हात डोळ्यांपुढून जात नाही.

१७ मे

डाफ्नेकडे गेले. आजीने पाव आणि ॲव्होकाडो पुढे केला, मला गिळवेना. डाफ्ने पलंगावर, हाताला टाके. चिडलेली नव्हती. नुसतं विचारलं.

"मावशी, तू पळाली का नाहीस? आम्ही सगळे तुझ्याकडेच बघत होतो. आमचं ठरलं होतं, तू पळालीस त्याच दिवशी. साधा हादरा कुठला, खरा भूकंप कुठला, आम्हाला कळत नाही, आम्हाला सवय झालीय. तू उठलीस की तो खरा. विसलीनला पण मीच सांगितलं होतं, मावशी बसलीय तोवर बस."

"मी घाबरले होते," म्हटलं. "खूप."

तिने पावाची बशी माझ्याकडे सरकवली.

"मग सांगायचंस ना गं."